मावशीने वर केलेला हात

पाणीवाली मावशी मुलखाची फटकळ. नदीवरच्या नव्या पुलाच्या कामावर तिचं एकच काम: ओतलेल्या स्लॅबवर गोणपाट अंथरायचं आणि एकवीस दिवस ते सुकू द्यायचं नाही. "स्लॅबला बाळंतिणीसारखं जपावं लागतं," म्हणायची, आणि गोणपाटावर पाय ठेवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

लढाई सुरू झाली, तिचा एकुलता एक लेक सरहद्दीवर गेला. मग गावाची सभा भरली. पुलाचा पैसा लढाईला द्यायचा का? कोणी म्हणालं, घर पेटलेलं असताना माडी कसली चढवता? कोणी म्हणालं, लढाई आज आहे, नदी कायमची आहे. मावशीला त्यातलं एकच कळलं, पैसा गेला तर लेकाला धड बूट मिळतील. तिने सगळ्यांच्या आधी हात वर केला. सैनिकाच्या आईचाच हात वर गेल्यावर बाकीच्यांचे कुठले खाली राहतात? काम बंद झालं.

पण शेवटचा स्लॅब जेमतेम नऊ दिवसांचा. असाच सोडला तर तडे जाणार! मजुरी नाही तर नाही, मावशी रोज बादली घेऊन जायचीच.

स्लॅबच्या बाराव्या दिवशी लेकाचं पत्र आलं. पुलावरच्या इंजिनियर साहेबांनी वाचून दाखवलं: "आई, बूट आल्या आल्याच चांगले मिळालेत, काळजी करू नकोस. आमच्या तुकडीचं काम पूल उडवायचं. आजवर सात उडवले. आपला कुठवर आला गं? सुटीवर येईन तो त्याच्यावरूनच चालत. नावेत बसणार नाही, सांगून ठेवतो."

मावशी उठली ती थेट कचेरीत.

"मला माझा हात मागे घ्यायचाय," तिने कारकुनाला सांगितलं.

"तसं होत नाही हो मावशी. ठरलं ते ठरलं."

"मेल्या, हात माझा आणि हुकूम तुझा?" ती तावातावाने भांडली, आणि बाहेर येऊन पायरीवर ढसाढसा रडली. आपल्याच हाताने लेकाची वाट बंद केली, हे तिला काही केल्या सोसवेना.

एकवीस दिवस सरले. तिसावा उजाडला. नदीच्या मध्यावर थांबलेल्या पुलाच्या टोकाशी मावशी बादली घेऊन हजर. साहेबांना राहवलं नाही.

"मावशी, स्लॅब पक्का झालाय. आता पाण्याची गरज नाही."

"स्लॅबला नसेल," मावशी म्हणाली, आणि गोणपाट भिजवू लागली.