नेगीजींच्या अंगणातलं मशीन

किस्से काही ठरवून जमत नाहीत. आमच्या मशीनमधल्या फिल्टरसारखं आहे ते. रोज बघावं तर पांढराच दिसतो, आणि महिन्याने काढला की काळाकुट्ट! मैत्रीण फोनवर विचारते, ऑफिसात काय नवीन? मी म्हणते, काही नाही गं, आणि मग पाऊण तास बोलत बसते.

ऑफिस परदेशात, जुरोंग ईस्टला, माणसं तीन. कानिटकर सर मूळचे पुण्याचे, पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, होऊन बरीच वर्षं झालेले. मेई लिंग, जी कुरिअरपासून एसीच्या रिमोटपर्यंत सगळं सांभाळते. आणि मी. हवेतला धूर आणि धूळ मोजणारी मशीन लावायची, त्यांचे आकडे वाचायचे, हे आमचं काम. माझ्या वाट्याला एकच मशीन होतं, तेही थेट हिमालयात, कुमाऊँमधल्या एका लहानशा गावात. दिल्लीच्या क्लायंटने मार्चमध्ये ते काम पुढे चालू ठेवलं, तरच माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, रिन्यू होणार होता. हे सरांनी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

*

मशीन होतं नेगीजींच्या अंगणात. नेगीजी तिथल्या शाळेत प्रयोगशाळा सहायक. दर शनिवारी सायबर कॅफेत जाऊन आठवड्याचे आकडे ईमेल करायचे.

हिमालय मी अजून पाहिलेला नाही. पण मेल उघडला की धुराच्या आधी मी तापमानाचा कॉलम वाचायचे. पहिल्या जानेवारीत तिथे ‘उणे दोन’ दिसलं आणि माझ्याही नकळत मी स्वेटर चढवला. खिडकीबाहेर एकतीस डिग्री! मेई लिंग माझ्याकडे बघून खिडकीपाशी गेली, आभाळ न्याहाळून आली आणि म्हणाली, "स्नो कमिंग, इज इट?"

*

मे महिन्यात आकडे असे चढले की मला वाटलं, मशीननेच पेट घेतला. नेगीजींना फोन लावताना कॉलिंग कार्डाचा नंबर दोनदा चुकला.

नेगीजी शांत होते. दर उन्हाळ्यात चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, वाळक्या पानांना आग लागते म्हणाले, आठ-आठ दिवस डोंगर धुमसत राहतो, समोरची शिखरं दिसेनाशी होतात. मशीन बिघडलं नाही ना, असं मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "मशीन ठीक है, मॅडमजी. जंगल बीमार है."

मशीनला जपा, एवढं म्हणून मी फोन ठेवला. दर फोनला शेवटी मी हेच म्हणायचे.

*

मग आमची पाळी आली. ऑक्टोबरातल्या एका सकाळी बुकित बातोकच्या माझ्या फ्लॅटमध्ये जळका वास आला. मी पासपोर्टची फाइल छातीशी धरून अकरा मजले जिन्याने धावत उतरले. खाली शेजारच्या आंटी कुंड्यांना पाणी घालत होत्या. माझ्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाल्या, "इंडोनेशिया लाह. एव्हरी इयर."

वर पाहिलं, तर समोरची इमारत धुरात गायब. तिकडे जंगलं जळत होती, वारा धूर इकडे आणत होता, आणि हवा मोजण्याचा पगार घेणाऱ्या मुलीला ते शेजारणीकडून कळलं!

नेगीजींनी हेझची, म्हणजे आमच्याकडच्या या धुराची, बातमी रेडिओवर ऐकली असावी. त्या शनिवारी आकड्यांखाली एक ओळ जास्तीची होती. आमच्याकडे या, सध्या हवा स्वच्छ आहे.

*

डिसेंबर लागला, आणि तीच हवा रात्री बिघडू लागली. दिवसभर आकडे अगदी कमी, संध्याकाळी सातनंतर चढायचे ते थेट सकाळपर्यंत. सर खूश झाले. थंड हवेचं दरीवर झाकण बसतं आणि धूर खाली कोंडतो, असं त्यांनी मला आणि मेई लिंगला चहाच्या कपावर बशी ठेवून समजावलं. आलेख सुरेख होता. मार्चच्या रिपोर्टचं ते पहिलंच पान ठरलं. दिल्लीवाले याच्यावर आणखी दोन वर्षं देतील, म्हणाले. मी मनातल्या मनात पास रिन्यूसुद्धा करून टाकला.

आणि मग सवयीने तापमानाचा कॉलम वाचला. हिमालयात, डिसेंबरात, पहाटे चार वाजता, एकोणीस डिग्री.

दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नेगीजींना फोन लावला. त्यांनी काहीच लपवलं नाही. अंगणात दव गोठत होतं, मशीनच्या काचेवर बर्फ धरायचा, आणि मॅडम तर दर वेळी जपायला सांगतात. म्हणून ते अंधार पडला की मशीन घरात आणून चुलीजवळ ठेवत होते.

*

सरांना मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त लाल पेन काढलं, रात्रीच्या आकड्यांवर पानापानाने रेघा मारायला घेतल्या आणि म्हणाले, "खोटे आकडे पाठवायचे नाहीत. काम गेलं तर गेलं." मग जरा थांबून, "तुझ्यासाठी वाईट वाटतंय गं."

नेगीजींना तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. सरांनी हिंदीत, न रागावता समजावलं. मशीन रात्रीसुद्धा बाहेरच हवं. आत चुलीचा धूर असतो, तिथली हवा फार वाईट आहे, इतकी वाईट की तो आकडा धरताच येत नाही.



"मशीन बाहर रख देता हूँ, साहब," नेगीजी म्हणाले. "हम कहाँ सोएँ?"

मेई लिंगला हिंदी येत नाही, पण तिनेही टायपिंग थांबवलं. सरांचं पेन अर्ध्या रेघेवर थांबलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि फोनकडे वाकून विचारलं, त्या खोलीत किती जण झोपतात.

"छह," नेगीजी म्हणाले. "मशीन थी, तो सात थे."