पाच मीटर आणि धाकट्याचं इंजिन

सगळे तिला मीटरताईच म्हणत. गाडीच्या डॅशबोर्डवरचा कुठलाही काटा अडला, थरथरला, खोटं बोलू लागला, की गिऱ्हाईक तिच्या गॅरेजात आलंच. हाताला गुण होता बाईच्या, पण स्वभाव म्हणाल तर नाकावर माशी बसू द्यायची नाही. काम इतकं नीटनेटकं, की जिथे कुणाची नजर पोचणार नाही तिथेही हिचा फडका फिरणार. "मागून कोण बघतंय?" असं कुणी म्हटलं, तर त्याची खैर नसायची.

वडिलांच्या मागे गॅरेज तिने आणि धाकट्या भावाने सांभाळलं. वायरिंग आणि मीटर तिच्याकडे, इंजिन त्याच्याकडे. पण गेल्या वर्षी त्याने जोडलेलं एक इंजिन भर रस्त्यात तापून जाम झालं. मालकाने चारचौघांत त्याला नाही नाही ते ऐकवलं आणि धाकट्याने जी धास्ती घेतली, ती घेतलीच. टायर बदलायचे, ब्रेक बघायचे, बस्स. इंजिनाचं काम आलं, की ह्याला नेमकं दुसरं काहीतरी महत्त्वाचं आठवायचं. ताईचा जीव तुटायचा. एवढा चांगला हात, आणि तो पंक्चर काढण्यात घालवायचा म्हणजे काय!

अशात दातांच्या डॉक्टरांची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी आली. इंजिन उघडायला झालं होतं आणि डॅशबोर्डवरचे पाचही मीटर बाद झाले होते. मूळचे आता कुठून मिळणार? डॉक्टरांनी हुबेहूब तसेच नव्याने बनवलेले मागवले. तीच काळी तबकडी, तसेच टपोरे पांढरे आकडे, तशीच चकचकीत कड. ताईने भावाला विचारलंसुद्धा नाही, इंजिन आमचा धाकटा करील असं डॉक्टरांना परस्पर सांगून टाकलं. तो तोंड फुगवून बसला. मग एके सकाळी बघते तर पाने-पकडी मांडून इंजिनाच्या कामाला लागलेला. ती आपली डॅशबोर्ड सोडवायला लागली. बोलली असती तर उठून गेला असता, एवढं तिला कळत होतं.

त्याचं इंजिन जुळत आलं तोवर तिने डॅशबोर्डचा गंजलेला पत्रा घासून काढला, रंगवला, मीटर एकेक करून बसवले. वेगाचा, इंजिनाच्या फेऱ्यांचा, ऑइलचा, तापमानाचा, पेट्रोलचा. मग टाकीत एक कॅन पेट्रोल ओतलं आणि धाकट्याने चावी फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज कसा, एकसारखा! ताई हसून त्याच्याकडे बघणार, तोच तिला दिसलं, त्याची नजर तापमानाच्या काट्यावर खिळलीय. काटा मध्यावर आला, पण तिथे थांबेना. हळूहळू सरकत लाल पट्ट्यात शिरला.

धाकट्याने इंजिन बंद केलं. चेहरा पार उतरलेला. तो बाहेर येऊन बाकावर बसला आणि रागावून नाही, अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, डॉक्टरांना सांग, दुसरा कुणी बघा. मला नाही जमत हे."

आपणच त्याला घोड्यावर बसवलं आणि आपणच पाडलं, असं ताईला वाटलं. बॉनेट उघडून बघितलं तर ना वाफ, ना जळका वास. ती गाडीत जाऊन बसली, नुसती चावी अर्धी फिरवली आणि काट्यांकडे बघत राहिली. बघता बघता पेट्रोलचा काटा उठला आणि पाव टाकीच्याही पुढे जाऊन बसला.

एका कॅनमध्ये? टाकीचा तळ जेमतेम ओला झाला असेल.

म्हणजे फुगवून सांगणारा काटा एक नव्हता, दोन होते. आणि त्या दोघांना वीज देणारी डबी एकच, पत्र्याच्या मागे स्क्रूने बसवलेली. बॅटरीची वीज कमी करून ती ह्या दोन काट्यांना पुरवते. त्यासाठी डबीचं अंग पत्र्याला उघडं भिडावं लागतं. नाही भिडलं, तर वीज सरळ पूर्ण जोराने जाते आणि दोन्ही काटे वर चढतात. ताईने पत्र्यामागे हात घातला. बोटांना लागला गुळगुळीत, जाडसर रंग. पुढून रंगवला तसा मागूनही रंगवला होता, तोही दोन हात देऊन! दुसरं कोण रंगवणार?

आयुष्यात स्वतःच्या चुकीचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

"अरे, चूक माझी आहे," ती ओरडत बाहेर आली. "तुझं इंजिन ठणठणीत आहे."

त्याने मानसुद्धा वर केली नाही. "मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस."

आता काय करावं ह्या माणसाचं? समजावत बसण्यात अर्थ नव्हता. तिने डबी सोडवली, त्याला दंडाला धरून गाडीपाशी आणलं आणि हातात पॉलिश पेपर कोंबला. तूच घास म्हणाली. त्याने नाखुशीने घासलं. रंग निघाला, खालचा पत्रा चमकला. त्यानेच डबी परत आवळली. इंजिन सुरू केलं. दोघंही काट्याकडे बघत बसले. काटा चढत मध्यावर आला आणि तिथेच थांबला. इंजिन कितीतरी वेळ चालू ठेवलं, तरी तिथून हलेना. पेट्रोलचा काटाही मुकाट खाली आला.

ताईचा जीव भांड्यात पडला. धाकट्याने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय, तिला कळेना. बहुतेक दोन्ही असावं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चांगलीच थोपटली.

संध्याकाळी डॉक्टर आले. नव्या तबकड्यांवरून बोट फिरवत त्यांनी पोटभर कौतुक केलं. मग इंजिन सुरू करून, डोळे मिटून आवाज ऐकला आणि विचारलं, "हे इंजिन कुणी जोडलं हो?"

ताई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "मी."