भासऱ्यासमोरचा धडा

मी आयुष्यात एकच डाव शाळेत गेली, अन् तेही शिकवाले.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. कारध्याच्या अलीकडं आमचं गाव. माहा पोरगा शालिक आफ्रिकेत मास्तर होता. गेला तवा मी सारं गाव ऐकंल असी रडली. तिकडं म्हणे वाघ-सिंह, अन् हा घरच्या कुत्र्याले भेणारा. पण परत आला धडधाकट, अन् संगं शिकवाची नवी रीत घेऊन आला. तिथल्या पोट्ट्याइले याची बोली समजे नाई, याले त्याइची. मंग यानं तोंडच बंद केलं. मास्तरनं करून दाखवाचं, पोट्ट्याइनं पाहून तसंच कराचं. (मले तं त्यात काही नवीन दिसलं नाई. आमच्याकडचे माकडं असेच शिकतेत.)

गावच्या शाळेनं त्याले कच्च्यावर घेतलं. तपासणीच्या साहेबाले शिकवणं पटलं तं पक्का, नाई तं घरी. नवरा गेल्यावर मी दुसऱ्याच्या बांधीत धान रोवून या पोराले शिकवलं होतं.

आदल्या दिवशी शालिक म्हणते, "माय, उद्या तूच शाळेत ये. पोट्ट्याइले धानाचा रोवणा शिकव."

"मी? मले सही करता येत नाई, बापा."

"बोलाचंच नाई ना तुले. तू करशीन तसं ते करतीन."

दुसऱ्या दिवशी गेली. शाळेमांगं चिखल करून ठेवला होता. चिखलात पोट्टे रांगेनं उभे, हातात धानाच्या रोपाची पेंडी. समोर खुर्चीवर साहेब, काळ्या चष्म्याचा. शालिकनं बजावलं, "माय जे करंल ते करा. बोलू नका."

मी वाकली, पोट्टे वाकले. मी रोप खोसलं, त्याइनं खोसलं. साहेबानं मान हलवली. माहा जीव जरासा भांड्यात पडला.

तेवढ्यात शाळेचे अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे माहे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ! लग्नापासून त्याइले मी तोंड दाखवलं नव्हतं. भासऱ्यासमोर उभं राहाची आमच्यात रीत नाई. मी झटकन नाकापर्यंत पदर ओढला, पाठ फिरवली अन् चिखलातच बसली.

बाजूले पच्च-पच्च आवाज आला. पदराच्या फटीतून पाहते तं काय, सारे पोट्टे साहेबाकडं पाठ करून चिखलात बसलेले, डोक्यावर सदरे ओढून! ज्याचा सदरा तोकडा त्यानं पेंडीच डोक्यावर धरलेली.

मी भेवानं थरथरली. सारी रांग थरथराले लागली. मनात म्हटलं, गेली पोराची नोकरी, अन् डोळे पुसले. रांगेनं बी पुसले.

साहेबानं चष्मा काढला. "मास्तर, ही आफ्रिकेतली पद्धत का?"

भासरेच बोलले, "नाई साहेब, हे आमच्या घरची. मी जातो, मंग उठतीन." अन् खरंच चालते झाले.

मी उठली. पोट्टे उठले. साहेब म्हणे, एवढं ध्यान देणारा वर्ग आपण उभ्या नोकरीत पाहिला नाई. शालिक पक्का झाला.

आता त्या पोट्ट्याइच्या मिशा पिकल्या. रोवणा एकाले येत नाई. पण मी चौकात दिसली का अजूनही पाठ फिरवून डोक्यावर सदरा घेतेत. एका दिवसाची मास्तरीण मी, पण माही विद्या काही वाया गेली नाई.