एक नाव कमी

शिवानीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसात होते. "मावशी, आई गेली… सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागीच गेली." तिची आई गिरिजा, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली माझी शाळेपासूनची मैत्रीण. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहाल का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा लगेच हो म्हटलं आणि तीन आठवडे टाळत राहिले. तिच्याबद्दल खरं लिहायचं तर आधी माझीच लाज चव्हाट्यावर आणावी लागते.

अकरावीला आम्ही दोघी कॉमर्सला गेलो. तिथं गणित घ्या, नाहीतर एस.पी., म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. पाठ करा आणि मार्क घ्या. गिरिजाला गणिताचं वेड. आमच्याशी मराठी बोलायची, पण आकडेमोड करताना ओठ हलायचे ते घरच्या कानडीत. पुण्याला जाऊन संख्याशास्त्र शिकायचं तिनं ठरवलेलं, आणि त्याला बारावीचं गणित हवंच होतं. "तू बी घे की. दोघी मिळून करू," म्हणाली. मी फॉर्मवर गणित लिहिलं. वीस मुलं झाली तरच गणिताची तुकडी, असा कॉलेजचा नियम. आम्ही मोजून वीस होतो.

मग घरी दादा म्हणाला, "पुण्याचं कॉलेज टक्के बघतंय, विषय न्हाय. गणितात साठ पडले तर बसशील हितंच." झालं. शेवटच्या दिवशी गिरिजाला न सांगता कॉलेजच्या खिडकीवर जाऊन फॉर्मवर एस.पी. करून आले. तुकडी रद्द झाली. प्राचार्य गिरिजाला म्हणाले, "एक नाव आण, उद्या तुकडी सुरू करतो." ते नाव आणायला ती दोन दिवस मुलांच्या घरोघर हिंडली आणि मी, निर्लज्ज, तिच्यासोबत हिंडले. कुणी नाही म्हटलं की मीही हळहळायचे. "कुणी काढलं असंल गं नाव?" परत कॉलेजात आल्यावर ती म्हणाली. "घरच्यांनी भ्या घातलं असंल बिचाऱ्याला." तिला धड रागही येत नव्हता. तेव्हाही खिडकी दहा पावलांवर होती… मी गेले नाही.

एस.पी.त मला भरघोस मार्क पडले, पुणं मिळालं. गिरिजानं सोलापुरातच बी.कॉम. केलं, संसार केला आणि गल्लीतल्या पोरांना गणित शिकवत राहिली. दर दिवाळीत सांगायचंच म्हणून तिच्याकडे जायचे, आणि फराळ करून परत यायचे.

परवा तिच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या दाराआडच्या भिंतीवर तिनं खडूनं सोडवलेलं गणित तसंच आहे. शिवानी तिथं फडकं लावू देत नाही. शिवानीची दहावी झालीय. म्हणाली, "मावशी, गणित घेऊ का मार्कांचं बघू? आई म्हणायची, मावशीला विचार. सगळे मागं सरले तरी ती एकटी माझ्यासंगं घरोघर फिरली." त्या भिंतीकडे बघत मी "गणित घे" एवढंच म्हणाले. बाकीचं तोंडातून निघालं नाही, म्हणून इथं लिहिते आहे. शिवानी, तुझी आई दोन दिवस जिला शोधत होती, ती तिच्या शेजारूनच चालत होती.