गाऱ्हाण्याचा इमोजी

लालबागची आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि माणसं माहीम, भायखळा, जिथे भाड्याने जागा मिळाली तिथे पांगली. मग चाळ मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये भरू लागली. त्या ग्रुपवर आपले स्वतःचे इमोजी बनवून टाकता येतात हे कळल्यापासून माझे हात शिवशिवायला लागले. चाळीचा गळका नळ, जिन्यातली मांजर, शेजारच्या वहिनींचा रागावलेला चेहरा, सगळं मी नखाएवढं करून टाकलं. नसती उठाठेव हा माझा जुना आजार आहे.

सगळ्यात जास्त चालला तो काकांचा इमोजी. काका म्हणजे माझ्या बालमैत्रिणीचे वडील. चाळीत पूजा असली की देवापुढे गाऱ्हाणं तेच घालायचे. ते मालवणीत एकेक मागणं मागायचे आणि प्रत्येक मागण्याला आम्ही सगळे मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचो. शेवटच्या पूजेतला त्यांचा फोटो मी कापून घेतला: हात जोडलेले, डोळे मिटलेले, तोंड उघडं. तेव्हापासून ग्रुपवर कुणी मुलाखतीला निघालं, कुणाच्या मुलीची परीक्षा असली, की खाली काकांची रांग लागायची. काका टाकले की व्हय म्हटल्यासारखंच.

एका दुपारी मी परळच्या ऑफिसात डबा उघडत होतो, तेव्हा मैत्रिणीचा मेसेज आला. बाबांना परळलाच ॲडमिट केलंय, उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे, सगळ्यांनी देवाकडे मागा. पाहता पाहता त्या मेसेजखाली एकवीस जणांनी काका टाकले. काकांच्याच आजारपणाखाली काकांचंच ते उघड्या तोंडाचं चित्र.

तिला ही थट्टा वाटली तर? ती काही लिहीतही नव्हती. मी डबा झाकला, उघडला, परत झाकला. मग न राहवून एकेकाला खासगीत लिहायला लागलो की बाबा रे, जरा प्रसंग बघ, काढ ते. दोघांनी निमूट काढलं. तिसरा भडकला. त्याचं म्हणणं, मी मनापासून व्हय म्हटलंय, तुला काय त्रास आहे? इमोजी माझाच, म्हणून माझं आपलं चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तो इमोजीच कायमचा उडवावा म्हणून मी सेटिंग उघडलं, पण बोट पुढे जाईना. तिला विचारल्याशिवाय कसं उडवणार? शेवटी साहेबांना सांगून निघालो आणि चालतच हॉस्पिटल गाठलं. वाटेत चार वेळा मोबाइल काढून आकडा पाहिला. एकोणीस होता.

मैत्रीण वॉर्डाबाहेरच भेटली. मी भडाभडा माफी मागितली. तिला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतोय. मग म्हणाली, "अरे, मीच दाखवलं बाबांना. दुपारपासून मोबाइल सोडत नाहीयेत."

आत काका उशीला टेकून बसले होते. मोबाइल हातभर लांब धरून ते एकेक नाव वाचत होते. कोण कुठल्या खोलीत राहायचा, तेही पुटपुटत होते. रंग उतरलेला होता. उद्याची भीती चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती, आणि या माणसाला घाबरलेलं मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. मला बघताच त्यांनी मोबाइल पुढे केला.

"दोघांनी व्हय म्हणान मागे घेतल्यानी," ते म्हणाले. "असा कोण करता रे?"

मी सांगून टाकलं की मीच त्यांना काढायला लावलं. काका रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा ती यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"आणि तुझा खंय आसा?"

सगळी दुपार मी दुसऱ्यांचं बघत बसलो होतो. माझं त्यात नव्हतंच.