बोटावर टांगलेला नाद

अमरावतीच्या इतवारा बाजारात मी माठ वाजवून पाहत होते, तेव्हा फोन आला. वैशाखातली दुपार, भिजवलेल्या मातीचा गार वास, आणि माझ्या टिचक्यांना कंटाळलेली कुंभारीण. "बाई, माठ घेता का तबला?" असं ती विचारत होती आणि फोनवर अकोल्याहून नसरीन सांगत होती, "बाई, अब्बा गेले. सकाळी चाय मागतली, कप हातात घेतला, अन्... बस." मी तिला काय म्हणाले ते आठवत नाही. माझी तर्जनी माठाच्या काठावर तशीच वाकून राहिली होती, एवढं आठवतं. तिला तसं वाकायला ज्यांनी शिकवलं, ते हमीदचाचा गेले होते.

हमीदचाचा जुन्या दुनळी बंदुकांची किंमत ठरवत. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला, त्यांचं बंदूकदुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. आत शिरलं की आधी जवसाच्या तेलाचा वास येई, मग अक्रोडाच्या लाकडाचा, आणि सर्वांत शेवटी, जिभेच्या टोकावर आल्यासारखा, लोखंडाचा. घरातला परवानाधारक गेला की वारस गोंधळतात. बंदूक विकावी, ठेवावी, की कुणा एका भावाच्या नावे करावी? तेव्हा तेल्हाऱ्यापासून धारणीपर्यंतची माणसं आधी चाचांचा शब्द घ्यायला येत. तो शब्द कोरडा आणि खरा असे. निवडणूक आली की सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि गंज चढून परत येतात, यावर त्यांचा विशेष राग होता. "वाघानं नाही केलं तेवढं नुकसान मतदानानं केलं," असं ते म्हणत.

माझे वडील गेल्यावर त्यांची दुनळी घेऊन थोरला भाऊ आणि मी चाचांकडे गेलो. मी तेव्हा अकोल्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत असे. भावाला बंदूक विकायची होती आणि चांगली विकायची होती, म्हणून त्याने सुरुवातच केली, "आमच्या बाबांनी याच बंदुकीनं मेळघाटात वाघ..." चाचांनी हात वर केला. "भाऊ, वाघ घरी ठेवा. बंदूक दाखवा." वऱ्हाडातल्या प्रत्येक दुनळीमागे एक वाघ असतो, हे मला नंतर कळलं. त्यांनी दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या आणि आतून निरखल्या. पुढचा चाप ओढला की उजवी नळी उडते, मागचा ओढला की डावी. "उजवी लई चालली," ते म्हणाले, "डावी कोरी हाय. म्हंजे पह्यला बार काढला, अन् दुसऱ्याची वाट न पाह्यता मानूस घरी." भाऊ लालेलाल झाला. मला मात्र हसू फुटलं, बाबा गेल्यानंतरचं पहिलं. कारण ते अगदी खरं होतं. हरभऱ्यात रानडुकरं शिरली की बाबा आभाळात एक बार काढत आणि मग डुकरं एका दिशेला, बाबा दुसऱ्या.

मग चाचांनी नळ्या लाकडी दस्त्यापासून वेगळ्या केल्या, त्यांच्या पोटाशी असलेला लोखंडी आकडा आपल्या वाकवलेल्या तर्जनीवर टांगला, आणि एका लाकडी गोट्याने त्यांना हलकेच स्पर्श केला. तो गोटा नसरीनच्या पाळण्यावरचा होता, लाखेचा लाल रंग अर्धा उडालेला. दोन नळ्या एका लांब पट्टीने झाळून जोडलेल्या असतात. जोड शाबूत असेल तर त्या घंटेसारख्या वाजतात. कुठे सुटला असेल तर बद्द आवाज येतो आणि किंमत निम्म्यावर येते. बाबांची बंदूक वाजली. दुकानातली धूळसुद्धा क्षणभर ऐकत थांबली असावी, असा तो नाद लांबत गेला. चाचांनी डोळे मिटले. "बाई, तुमाले कसा वाटला?" मी म्हणाले, "पहाटे रिकाम्या कासंडीत पडलेल्या दुधाच्या पहिल्या धारेसारखा." त्यांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं, जरा मोठ्याने. मग कागदावर चोख किंमत लिहून दिली. गंमत अशी, की तो नाद ऐकल्यावर भावाने बंदूक विकलीच नाही. परवाना रीतसर आपल्या नावे करून घेतला.

पंधरा दिवसांनी नसरीन माझ्या घरी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत ती म्हणाली, "अब्बाले आयकू येत नाही, बाई. दोन साल झाले. ओठ पाहून समजून घेतात. लोकाइले कळलं तर दुकानात कोन येईन?" बहिऱ्या पारख्याच्या शब्दाला कोण मोल देणार... तिने माझे कान मागितले, रविवारपुरते. मी हो म्हणाले. पण मनात एक काटा रुतला. बाबांच्या बंदुकीचा नाद मग त्यांनी ऐकलाच नव्हता. ती किंमत खरी, की नुकत्याच पोरक्या झालेल्या दोन मुलांवरची दया? विचारायचा धीर झाला नाही.

असे माझे रविवार बंदुकांचे झाले. आमची एक मोजपट्टीच ठरून गेली: शाळेची घंटा, कासंडी, परात, आणि सर्वांत खाली ओला माठ. "ह्या बाई पुस्तक लिहून राह्यल्या," असं चाचा गिऱ्हाइकांना सांगत, म्हणून मी वहीत काहीतरी खरडत बसे, आणि नाद विझला की त्यांच्याकडे पाहून यातला एक शब्द ओठांनी सांगे. पुढे माझी बदली अमरावतीला झाली, तरी रविवार सुटले नाहीत.

एका रविवारी मूर्तिजापूरजवळ बस पंक्चर झाली. मी दुकानाच्या पायरीशी पोहोचले तेव्हा हिवरखेडचे एक काका समोर बसलेले, मागे आणखी दोघे. काकांच्या कानावर चाचांच्या बहिरेपणाची कुणकुण गेली होती आणि ते मुद्दाम पट्टी सुटलेली बंदूक घेऊन आले होते. नळ्या चाचांच्या बोटावर टांगलेल्या, दारात नसरीन पांढरीफटक. मी पायरीवरच थांबले. गोटा टेकला. माझ्या कानांनी ओला माठ ऐकला, पण पायरीवरून सांगणार कसं? चाचांनी डोळे उघडले. "बद्द. वरची पट्टी मधातून सुटली." काका म्हणाले, "बराबर हाय चाचा. चहा सांगा." आणि चहा पिता पिता त्यांनी आपल्या आजोबांचा वाघ काढलाच.

ते गेल्यावर मी जवळजवळ भांडले. "तुम्हाला ऐकू येतं?" चाचा हसले. त्यांनी एका चांगल्या बंदुकीच्या नळ्या माझ्या बोटावर टांगल्या आणि नसरीनला माझे कान तळव्यांनी घट्ट दाबायला सांगितले. गोटा टेकला... आणि बोटातून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत, मधमाश्यांचा एक आख्खा थवा निघून गेला. मग सुटलेल्या पट्टीच्या नळ्या. थरथर पेराशीच विझली. "तुमच्या वडलांची बी अशीच पाह्यली," ते म्हणाले. माझा काटा त्यांनी न विचारताच काढला होता.

"मग मला इतक्या लांबून कशाला बोलावता?"

"पोरगी घाबरली, तिनं तुमाले आनलं. मी कावून नाही म्हनू?" मग ते गोटा तळहातावर फिरवत राहिले. "बोटाले चांगलं-वाईट कळते, बाई. कसं, ते नाही कळत. तुमी कासंडी म्हनता, तवा मले आयकू येते."

त्यानंतर शब्द शोधताना मी कधी आळस केला नाही.

मागच्या आठवड्यात अकोल्याला जाऊन आले. नसरीनने तो गोटा माझ्या हातात ठेवला. आता तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्या दुपारी घेतलेल्या माठाशेजारी असतो. रोज सकाळी माठ रिकामा करून धुतला की मी त्याला गोट्याने एकदा वाजवते. परवा भावाचा फोन आला. बंदुकीला तेल द्यायला त्याने नळ्या काढल्या होत्या. "थांब," तो म्हणाला, "बोटावर टांगल्यात. फोन जवळ धरतो. सांग, कशी आहे?" आणि दूर शेतावरच्या घरातून बाबांची बंदूक वाजली. मी नाद पुरता विझू दिला. मग, समोरच्याला ऐकू येत नसलं की म्हणतात तसं, जरा मोठ्याने म्हणाले, "कासंडी."