डाव्या हातानं जेवणारी नायिका

धाकटी बहीण आपल्यापेक्षा चांगलं लिहिते हे कळल्यावर भावाला आनंद व्हायला हवा. माझ्या पोटात दुखलं. आता या वयात लपवून काय करायचंय?

हुबळीच्या बाजारात आमच्या वडिलांचं, अप्पांचं, लुगड्यांचं दुकान होतं. आम्ही दोघं रोज रेल्वेनं धारवाडला कॉलेजात जायचो; मी वरच्या वर्गात, ती पहिल्या वर्षाला. सगळ्या कॉलेजात मुली चार. विद्यार्थ्यांचं एक हस्तलिखित निघायचं, महिन्याला एकच प्रत, वाचनालयाच्या टेबलावर ठेवलेली. त्यात बोलपटांवर मी लिहायचो, आणि त्या दोन पानांच्या जोरावर स्वतःला कोण समजायचो, देव जाणे!

त्या वर्षी केशवापूरच्या बाजूला माळावर फिरत्या सिनेमाचा तंबू पडला. पडदा मधोमध, पाणी मारून ओला केलेला, चित्र दोन्हीकडून दिसावं म्हणून. पुढं पुरुष, मागं बायका. बायकांना दिवे मालवल्यावर, पडद्यावरची नावंबिवं सरून गेल्यावर आत सोडायचे. पुरुषांची नजर पडायला नको ना! बहिणीनं आयुष्यात पाहिलेला तो पहिला बोलपट.

आठवड्यानं हस्तलिखिताच्या संपादकानं, म्हणजे माझ्या मित्रानं, माझ्यापुढं चार कागद टाकले. "बघ की रे, तुझ्याहून बरं लिहिलंय कुणीतरी." खाली सही होती 'एक विद्यार्थिनी'. अक्षर मी लगेच ओळखलं.

तिनं लिहिलं होतं, मराठी घरातली म्हणून दाखवलेली ही बाई नथ उजव्या नाकपुडीत घालते, डाव्या हातानं जेवते, डाव्या हातानं देवाला फूल वाहते. ज्यांनी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, ते आमचं घर रंगवायला निघाले! आणि आमच्याकडचा माणूस दाखवला तो कसा? कानडी हेल काढून मराठी बोलणारा खुळा गडी. 'आम्ही घरात असंच बोलतो,' असं लिहून पुढं म्हटलं होतं, 'तंबूतले सगळे त्याला हसले. मीही हसले, आणि मग मला माझीच लाज वाटली.'

ते वाक्य मी तीनदा वाचलं. असलं मला जन्मात सुचलं नसतं. तिची चूकही तेव्हाच दिसली. पोरीनं चित्र उलट्या बाजूनं पाहिलं होतं, पडद्यामागून उजवं ते डावं दिसणारच! घरी जाऊन "अगं वेडे, नथ आणि हात तेवढं काढ, बाकीचं सोनं आहे" एवढंच म्हणायचं होतं. मी मात्र मित्राला म्हणालो, "घे की, जसंच्या तसं. खाली मी दोन ओळी देतो, बिनसहीच्या."

त्या ओळी अजून पाठ आहेत, कपाळ माझं! 'विद्यार्थिनीबाईंनी पुढच्या वेळी तंबूत आरसा न्यावा, म्हणजे नायिका उजव्या हातानं जेवेल.'

अख्खं कॉलेज हसलं. चार मुलींतली कोण, हे कळायला कितीसा वेळ? पोरं तिला बघून डाव्या हातानं घास घेतल्याची नक्कल करायची. गड्याबद्दल तिनं काय लिहिलंय ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. परतताना गाडीत ती खिडकीकडं तोंड करून रडली, आणि रडता रडता मलाच म्हणाली, "अण्णा, तुला आधी दाखवायला हवं होतं बघ. तू सांगितलं असतंस." मी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

तिथंच थांबलो असतो तरी एक वेळ देवानं माफ केलं असतं.

महिन्याभरानं तिनं माझ्या हातात नवा लेख ठेवला. त्यात ती म्हणत होती, तंबूत एका पडद्यावर दोन चित्रं चालतात. पुढच्यांना आपलं खरं वाटतं, मागच्यांना आपलं. दिवा एकच, कापड एकच, मग पुढचं तेवढं सुलट हे कुणी ठरवलं? 'आम्हाला मागं बसवलंत, तर मागून जे दिसलं तेच आम्ही लिहिणार.' आपली चूक कबूल करून ती त्या चुकीवरच ताठ उभी राहिली होती. सिनेमावर त्या तोडीचं मी पुढं कुठंही वाचलं नाही, आणि मी जन्मभर वाचत आलोय.

ती माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. "पुन्हा हसतील का रे?"

नाही म्हणायचं होतं. पण हा लेख आला असता तर माझी दोन पानं कुणी उघडली नसती, आणि त्या बिनसहीच्या ओळी कुणाच्या, असंही कुणीतरी विचारलं असतं. मी म्हणालो, "हसतील. गेल्या वेळेपेक्षा जास्त. नको देऊस."

तिनं वाद घातला नाही. चुलीपुढं बसली आणि एकेक कागद आत सारायला लागली. ओढून घ्यायला मला फक्त हात पुढं करायचा होता. आईनं विचारलं, "काय जाळतेस गं?" तर म्हणाली, "काही नाही, रद्दी." त्यानंतर पत्रांखेरीज तिनं कधी काही लिहिलं नाही.

शेवटचा कागद पेटल्यावर ती माझ्याकडं वळून हसली, अगदी मनापासून. म्हणाली, "बरं झालं अण्णा, या वेळी तुला आधी दाखवलं."